एका छपराखाली

सकाळी सव्वासहाला सर्जा तालमीतून परत आला तेव्हा त्याच्या अंगात शर्ट होता. गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं होतं.

मी गिरणीच्या ओट्यावर दळणाचे डबे ओळीने लावत होते. एरवी तो उघडाच यायचा. अंगाला लाल माती, शर्ट खांद्यावर. मग गिरणीमागच्या सिमेंटच्या टाकीवर उभा राहून बादलीमागून बादली डोक्यावर ओतून घ्यायचा. रस्त्याने जाणाऱ्या कुणीतरी "काय पैलवान" म्हणावं म्हणून ही आंघोळ तो मुद्दाम लांबवायचा. त्या दिवशी तो टाकीकडे गेलाच नाही. माझ्याकडे न बघता घरात शिरला आणि न्हाणीचं दार लावून घेतलं.

"आज लवकर सुटली व्हय तालीम?" आईने चुलीपुढून विचारलं.

आतून नुसता पाण्याचा आवाज आला.

ही १९९४च्या श्रावणातली गोष्ट. आमचं गाव बोरपाटी, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या हद्दीवर. आबांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीला लागूनच घर. सर्जा आणि मी जुळे. तो सर्जेराव, मी सरस्वती. तो माझ्याआधी थोडाच वेळ जन्मला होता आणि तेवढ्या भांडवलावर मला "थोरल्याचं ऐकायचं" म्हणायचा. आम्ही तेरा वर्षांचे होतो, आठवीत, एकाच वर्गात. गोवर, कांजिण्या, गालगुंड, सगळं आम्हाला एकाच आठवड्यात झालेलं. गावात म्हणायचे, सर्जाला ठेच लागली तर सरूला विचारा कुठं दुखतंय. आम्हालाही ते ऐकायला आवडायचं. एकदा गणिताच्या गुरुजींनी त्याला छडी मारली तेव्हा मी माझा हात चोळून दाखवला होता, आणि सगळा वर्ग हसला होता.

दुपारी वीज गेली. गिरणी बंद पडली आणि आबा जेवून आडवे झाले. सर्जाने मला पोटमाळ्यावर बोलावलं. तिथे रिकामी पोती असायची.

"सरे, एक सांगतो. हसायचं न्हाई."

"न्हाई हसत."

"शप्पथ घे."

"घेतली. सांग."

"माझ्या छातीत गाठ आलीया. दोन्हीकडं. सुपारीएवढी. शर्ट घासला तरी दुखतंय."

"मार लागला असंल कुस्तीत."

"दोन्हीकडं बरुबर एकाच जागी मार लागतोय व्हय?"

मी पोत्याची सुतळी ओढत बसले.

"आन् वर आलंया," तो म्हणाला. "दिसायला लागलंय. पोरांनी बघितलं आज."

महिनाभरापूर्वी आमच्या शाळेत आरोग्य खात्याच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी आठवीच्या मुलींना वर्गात बसवून दार लावून घेतलं आणि मुलग्यांना मैदानावर सोडलं. फळ्यावर आकृती काढून मुलींच्या अंगात काय काय बदल होतात ते सांगितलं. मुलगे बाहेर आट्यापाट्या खेळत होते, त्यांचा ओरडा आत येत होता. सर्जाला हे माहीत होतं.

"काय सांगितलंवतं गं त्या बाईनं?"

"पोरींचं सांगितलं."

"आमचं?"

"तुमचं काय न्हाई. तुमचं काय व्हायचंय?"

त्याने थोडा विचार केला. मग अगदी सरळ, गालगुंडाच्या वेळी विचारलं होतं तसंच विचारलं, "तुझं माझ्यात आलं का गं?"

"मला काय ठावं," मी म्हणाले.

त्याच्या प्रश्नाला कारण होतं. तीन आठवड्यांपूर्वी मला पहिल्यांदा पाळी आली होती. आमच्याकडे त्याला पोरगी शाणी झाली म्हणतात. आबांची थोरली बहीण, जनाआत्या, त्यासाठी गुंजेवाडीहून एसटीने आली. तिने मला हिरवं खणाचं झंपर आणलं, पाच सवाष्णी बोलावल्या, माझी ओटी भरली. घरात पुरणपोळी झाली. सर्जाने चार खाल्ल्या आणि आठवडाभर मला "ए शाणे" म्हणून हाक मारली. नेमकं काय झालंय ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं, याच पोत्यांवर बसून. तो म्हणाला होता, "लई दुखतंय?" मी म्हणाले, "नको विचारू, नाहीतर तुला बी व्हईल." आम्ही दोघंही हसलो होतो.

आत्या अजून आमच्याकडेच होती. पावसाचे चार दिवस जाऊ देत मग जाते, म्हणत होती.

दोन दिवसांनी संध्याकाळी तालमीतली तीन पोरं दळण घेऊन आली. त्यांतला एक, पाटलांचा उमाजी, आबांना म्हणाला, "आबा, सरू हाय का?"

"हाय की. सरे..."

"ती न्हवं. आमची सरू. पैलवान सरू."

बाकीचे दोघे पिठाच्या डब्यांमागे तोंड लपवून खिदळले. आबाही अर्धवट हसले. त्यांना वाटलं, पोरांचं काहीतरी चाललंय. मी दारात उभी होते. मला कळलं. माझं नाव तालमीत शिवी झालं होतं.

सर्जा आत जेवत होता. त्यालाही ऐकू गेलं. त्याने ताट सरकवलं आणि मागच्या दाराने बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर गर्दी होती. चार तासच वीज असायची, त्यामुळे बाया आपापल्या डब्यांशेजारी बसून होत्या. गणपा वस्ताद आले. मोठा माणूस, कान चेपलेले, आवाज खणखणीत. आबा त्यांच्यासाठी खुर्ची पुसू लागले.

"बसत न्हाई," वस्ताद ओरडून म्हणाले. जात्याच्या घरघरीत ओरडल्याशिवाय काही ऐकूच येत नसे. "पोराला थोडं दिस घरी ठेवा."

"काय चुकलं त्याचं?" आबाही ओरडले.

"चुकलं न्हाई. गुणी हाय पोरगं. चैत्रातल्या जत्रंला मी त्याची जोड लावणार हाय."

आबांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी हात मागे नेऊन मोटर बंद केली. जातं मंदावलं, घरघर उतरली. वस्तादांना ते कळलं नाही. ते त्याच आवाजात पुढे बोलले.

"पण एकदा अंग बघा त्याचं. पोरीगत छाती आलीया."

गिरणी पूर्ण थांबली होती. ओट्यावरच्या बायांपैकी एकीनेही मान वर केली नाही. एकीने उगाच आपल्या डब्याचं झाकण काढून परत लावलं.

वस्तादांचा चेहरा पडला. ते वाईट माणूस नव्हते. "बघा आपलं," ते हळू म्हणाले, "जत्रंपतूर झालं बरं तर माझा शब्द हाय." आणि निघून गेले.

आबांनी त्या दिवशी उरलेली दळणं तशीच ठेवली. सर्जाला आत नेलं, दार लावलं. आत आबा, आई आणि आत्या. मी बाहेर भिंतीला टेकून उभी होते. "शर्ट काढ" एवढं ऐकू आलं. मग सर्जा "आई गं" म्हणाला. आबांनी दाबून बघितलं असावं.

"डाक्टरला दाखवूया की," आईचा आवाज.

"काय सांगून दाखवू? माझ्या पोराला बाईगत छाती फुटलीया म्हणून? कंपौंडर आपल्या गावचाच हाय. उद्या चावडीवर बोर्ड लागंल."

"मग काय करायचं?"

दार उघडलं आणि आत्या बाहेर आली. ती माझ्याकडे बघत राहिली. आधी चेहऱ्याकडे, मग खाली, मग परत चेहऱ्याकडे. त्या बघण्यात राग नव्हता. तिला काहीतरी जुनं आठवत होतं.

आत्या स्वतः जुळ्यातली होती. हे आम्हाला माहीत होतं, पण तिचा भाऊ लहानपणी गेला एवढंच. त्या संध्याकाळी तिने चुलीपुढे बसून सगळं सांगितलं.

"धोंडी आन् मी. एका पाटीत वाढलो. मी शाणी झाले आन् आठ दिसांत त्याला ताप भरला. तोंड सुजलं, अंग सुजलं. आमची म्हातारी म्हणायची, पोरीचं न्हाण पोरावर गेलं, यांना येगळं करा. माझा बा म्हणला, करू, पंचमी हुंदे. पंचमीला धोंडी गेला." तिने पदराने डोळे पुसले नाहीत. सरळ आबांकडे बघितलं. आबांना दत्तू म्हणणारी जगात ती एकटीच होती. "दत्तू, एका छपराखाली दोन जीव एकदम वाढाय लागले की एकाचं दुसऱ्यात जातं. तुझ्या लेकीचं लेकात उतरलंय. मी न्हेते सरूला."

"किती दिस, वन्सं?" आईने विचारलं.

"त्याचं जाईस्तवर."

"म्हंजे कंदीपतूर?"

"आता ते काय माझ्या हातात हाय?"

मी म्हणाले, "माझी शाळा?"

"तिथं बी शाळा हाय की," आबा म्हणाले.

"सातवीपतूर हाय," आत्या म्हणाली. ती खोटं बोलत नसे.

"मग बुडंल थोडे दिस," आबा म्हणाले.

सर्जा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. शर्टावरून त्याने आईचा जुना पंचा गुंडाळून घेतला होता. "आबा," तो म्हणाला, "मी जातो आत्याकडं. सरूला ऱ्हाऊ द्या."

"आन् तालीम? तिथं तालीम हाय?"

सर्जाने खाली बघितलं.

"वस्ताद जोड लावतोय तुझी," आबा म्हणाले. "वस्ताद. उगं कुणी न्हवं."

खरं सांगायचं तर मीही हट्ट धरला नाही. मला आत्याचं म्हणणं पटलं होतं. गोवर त्याला झाला आणि मला झाला, कांजिण्या मला झाल्या आणि त्याला झाल्या, मग हे का नाही? मी त्याला हसत म्हणाले होते, तुला बी व्हईल. आणि झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. सर्जा स्टँडपर्यंत आला, पण रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालत. आत्याने तसं सांगितलं होतं. गाडी सुटताना त्याने हात वर केला, तो शर्ट वर सरकू नये म्हणून कोपराने दाबून.

गुंजेवाडीत आत्याचं घर म्हणजे दोन खणांचं पत्र्याचं खोपट, पाच शेळ्या आणि एक चिंच. आत्या विधवा होती, मूलबाळ नव्हतं. तिने मला जिवापाड सांभाळलं. हेही लिहिलं पाहिजे. शेळीचं पहिलं दूध मला, मऊ वाकळ मला. पाळीच्या दिवसांत ती मला कामाला हात लावू द्यायची नाही. पोट दुखलं की ओव्याची पुरचुंडी शेकून द्यायची.

मी मात्र भाकरी अर्धीच खायला लागले. माझा हिशेब साधा होता. माझं अंग वाढत होतं म्हणून त्याचं वाढत होतं. मी वाढले नाही तर त्याचं थांबेल, त्याचं थांबलं तर मला घरी नेतील, आणि घरी नेलं तर सहामाहीला बसता येईल. उरलेली अर्धी भाकरी मी शेळ्यांना घालायचे. शेळ्यांमुळेच पकडले गेले. मला बघितलं की पाचही ओरडायला लागायच्या.

"का जेवंनास गं?" आत्याने विचारलं.

"भूक न्हाई."

"शेळीला भूक हाय आन् तुला न्हाई?"

मग मी सांगितलं. आत्या हातातलं पीठ तसंच ठेवून उठली आणि मला जवळ घेऊन बसली. तिच्या हाताचं पीठ माझ्या वेणीला लागलं.

"येडी का खुळी? तुझं थांबवायचं न्हाई बाळ. पोरीनं वाढावंच. आपल्याला नुसती वाटणी मोडायची हाय. तू हितं वाढ, त्यो तिथं वाढंल."

"आन् मी घरी कवा जायाचं?"

"जेव आधी," ती म्हणाली.

अर्धपोटी राहूनही माझं वाढणं थांबलं नव्हतं. आत्याने आणलेलं हिरवं झंपर दसऱ्यापर्यंत काखेत उसवलं. परकर घोट्याच्या वर गेला. प्रत्येक वेळी कपडा आखूड झाला की मला सर्जा दिसायचा, पंचा गुंडाळून चौकटीला टेकलेला. आत्याने दोन वेळा शिवण सोडली. तिसऱ्यांदा तिने स्वतःचं लुगडं फाडून मला नवीन शिवलं. शिवताना म्हणाली, "अंगानं भरलीस गं." ती कौतुकाने म्हणाली होती. मी चिंचेखाली जाऊन बसले.

सहामाही झाली. गावातल्या पोरी सरपणाला जायच्या, मीही जाऊ लागले. त्यांना मी सांगितलं, आत्याला सोबत म्हणून आलेय.

दिवाळीत आबा आले. शेव-चिवडा, एक साडी, आईने पाठवलेलं खोबरेल. ओट्यावर बसायच्या आधीच म्हणाले, "आक्का, उतार पडला."

"पडला?"

"निम्म्यावर आलंय. गाठ बारीक झालीया. दुखत बी न्हाई म्हणतोय." आबांचे डोळे भरले. त्यांना रडताना मी त्याआधी बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्यामुळं झालं, सरे."

"मग मी येऊ?"

आबांनी आत्याकडे बघितलं.

"आता?" आत्या म्हणाली. "आता कुठं उतरतंय. आता न्हेलीस तर परत वर यील."

"पण पार गेल्यावर तरी?"

"पार जाऊ दे आधी."

आबा म्हणाले, "आक्का म्हणती ते बरुबर हाय. औशिद लागू पडतंय म्हटल्यावर मधीच बंद करायचं नसतं." आणि शेव खायला घातली. जाताना त्यांनी मला शंभराची नोट दिली. एवढे पैसे मला कुणी कधी दिले नव्हते.

मी तिथे उभी राहून विचार करत होते. त्याचं वाढलं असतं तर मला ठेवलं असतं. त्याचं कमी झालं म्हणूनही मला ठेवलं. यातून बाहेर कुठून पडायचं ते मला दिसत नव्हतं, आणि विचारायला माणूस नव्हतं.

चैत्रात जत्रा आली. आत्याने मला नेलं, पण घरी नाही. आम्ही देवळाच्या ओवरीत उतरलो. आई भेटायला आली आणि माझ्याकडे बघून आधी ओळख पटली नसावी अशी थांबली. मग म्हणाली, "माझ्या खांद्याच्या वर गेलीस." तिने माझी वेणी सोडून परत घातली. घातलेली परत सोडली, परत घातली. तेवढ्यात आत्याने हाक मारली.

कुस्त्या शाळेच्या मैदानावर होत्या. बाया शाळेच्या व्हरांड्यात. जी आठवीची खोली होती, तिच्याच दारात मला जागा मिळाली. सर्जाचं नाव पुकारलं. तो आला, डोक्यावरून शर्ट काढला आणि वस्तादांच्या हातात दिला.

छाती सपाट होती. रुंद, सपाट, तेल लावलेली. आठ महिन्यांत तो वीतभर वाढला होता. ओठावर काळी रेघ आली होती. शेजारची बाई म्हणाली, "गिरणीवाल्याचा न्हवं का ह्यो? पार बदलला की." उमाजी आणि ती बाकीची पोरं मैदानाच्या कडेला बसून शिट्ट्या मारत होती. "सर्जा, सर्जा," म्हणत होती. सर्जा म्हणत होती.

त्याने समोरच्या पोराला आसमान दाखवलं. वस्तादांनी त्याला खांद्यावर घेतलं. आबा गर्दीतून वाट काढत गेले आणि त्यांनी सगळ्यात आधी आत्याकडे हात जोडले, व्हरांड्याकडे तोंड करून, सगळ्यांसमोर.

नंतर मी त्याला उसाच्या रसाच्या गाड्यामागे गाठलं. तो एकटा होता, फेटा काखेत धरलेला. मी जवळ गेले तसा तो मागे सरकला.

"सरे, तिथंच थांब."

आवाज त्याचा नव्हता. जाड, फाटलेला, मधेच वर जाणारा. मी थांबले.

"पार गेलं," तो म्हणाला. "बघितलंस?"

"बघितलं. बरं झालं."

"दुखत बी न्हाई."

"मग मी घरी येऊ का? तू सांग की आबांना. तुझं ऐकतील ते आता."

त्याने गाड्याच्या चाकाकडे बघितलं. रसवाला घुंगरू वाजवत होता.

"नगं येऊ अजून," तो म्हणाला.

"मी काय केलं न्हवतं, सर्जा."

"मला ठावं हाय."

"मग?"

"तरी पण," तो म्हणाला. मी एक पाऊल पुढे टाकलं. त्याने फेटा दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि मी परत एक पाऊल मागे घेतलं.

मी पुन्हा बोरपाटीला राहायला गेले नाही. चार वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली. पुढे सोलापूरला शिकले, तिथल्याच एका दैनिकात बातम्या लिहायला लागले. लग्न गुंजेवाडीत झालं. नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा असतो. सर्जा मांडवाच्या बाहेर उन्हात उभा होता आणि कान चुलतभावाने पिळला. भाऊबीजेला मी जाते तेव्हा पाट अंगणात मांडतात. पाऊस आला तर थांबतो, उघडला की ओवाळते. संध्याकाळच्या गाडीने परत. आत्या वारली. पण तिचं म्हणणं घरात राहिलं, आणि ते मोडायचं कारण कुणाला कधी पडलं नाही, कारण ते खरं ठरलं होतं. आबा आल्यागेल्याला सांगतात, "लेकीनं भावासाठी घर सोडलं." ते हे अभिमानाने सांगतात.

तीन वर्षांपूर्वी माझा मुलगा तन्मय तेरा वर्षांचा झाला. एक दिवस तो शाळेतून आल्यावर शर्ट न काढता बसून राहिला. पोहायच्या क्लासला जाणार नाही म्हणाला. मी विचारलं तेव्हा रडला. त्याच दिवशी मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर जोशीबाईंनी पडद्याआड तपासलं आणि हात धुता धुता सांगितलं.

"काही नाही. या वयात निम्म्याशिम्म्या मुलांना होतं. आतली संप्रेरकं वरखाली होतात. वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं."

"औषध?"

"काही नाही. थांबायचं."

"कशाने जातं?"

"कशानेच नाही. जातं."

मी विचारलं, "जुळी बहीण असेल तर?"

त्यांनी टॉवेल ठेवून माझ्याकडे बघितलं. "याला आहे?"

"नाही. सहज विचारलं."

"बहिणीचा काय संबंध?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्या संध्याकाळी मी सर्जाला फोन लावला. गिरणी आता तो चालवतो आणि सकाळी तालमीत पोरांना शिकवतो. गणपा वस्तादांच्या जागी तोच वस्ताद आहे. मी डॉक्टरांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मागे जात्याची घरघर होती. त्याने मोटर बंद केली असावी, कारण ती हळूहळू थांबली.

"व्हय," तो म्हणाला. "हुतं पोरांना."

"तुला माहीत होतं?"

"तालमीत दर वर्साला दोन-तीन पोरांना हुतं, सरे. बापं घेऊन येत्यात घाबरून. मी सांगतो, थांबा, जातंय."

"कधीपासून सांगतोस?"

"लई वर्सं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की आबांना सांगाय लागलं असतं. आन् आबांना काय सांगू? की तुमची लेक तुमी उगंच घालवली?"

मी फोन ठेवला नाही, त्यानेही ठेवला नाही. शेवटी कुणीतरी गिऱ्हाईक आलं आणि तो म्हणाला, "ठिवतो."

त्यानंतर आम्ही यावर बोललो नाही. भाऊबीजा अंगणात झाल्या.

गेल्या आठवड्यात आबा न्हाणीत घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. वय झालंय, शस्त्रक्रिया नको म्हणाले डॉक्टर. ते पडून असतात आणि मला बोलवा म्हणतात. काल सर्जाचा फोन आला. मी विचारलं, "राहायला येऊ? घरात?"

तो म्हणाला, "आबांना इचारतो."

"विचारशील ना?"

"इचारतो म्हटलं की."

बोरपाटीची गाडी साडेचारला आहे. आता दुपारचे बारा वाजलेत. त्याचा फोन आलेला नाही.